माती परीक्षणातली 'सेंद्रिय कर्ब' तपासणी: वनलागवड करणाऱ्यांच्या कितपत कामाची?

मराठवाड्यात माती तपासून देणाऱ्यांची आता वानवा राहिलेली नाही. कृषी खात्याच्या प्रयोगशाळा आहेत, कृषी विज्ञान केंद्रं नमुने घेतात, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, शिवाय खासगी प्रयोगशाळाही आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली आणि 'सेंद्रिय कर्ब' (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, मुळांतून मातीत आलेला कार्बन) हा शब्द बांधाबांधावर पोचला; पत्रिकेवरच्या १२ घटकांपैकी तो एक. हा आढावा फक्त त्या एका आकड्याचा आहे, आणि तोही एका ठरावीक गिऱ्हाइकाच्या बाजूनं. ज्यांनी गायरानावर, पडीक बरडावर किंवा शेताच्या तुकड्यावर झाडं लावली आहेत किंवा लावणार आहेत, आणि त्या झाडांनी मातीतला कर्ब खरंच वाढला का हे ज्यांना बघायचं आहे, त्यांच्यासाठी.

निकाल आधीच सांगतो. पिकाच्या खताचं नियोजन करायला ही तपासणी पाचपैकी चार गुणांची आहे. वनलागवडीचा हिशेब मांडायला, जशी मिळते तशी घेतली, तर दोन. तपासणीत खोट नाही. पण ती टक्केवारी सांगते, साठा सांगत नाही, आणि झाडांमुळे मातीत पडणारा फरक इतका बारीक असतो की नमुना घेण्यातली छोटी चूकही तो गिळून टाकते. आणखी चार गोष्टी स्वतः केल्या (दगड-खडे वजा करणं, घनता काढणं, नमुना नीट घेणं आणि उरलेली माती जपणं), तर हीच तपासणी चार गुणांवर जाते. त्या चार गोष्टींसाठीच हे सगळं लिहिलं आहे.

काचेच्या नळीतला निकाल

बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. ती १९३४ ची आहे आणि अजून टिकून आहे, कारण स्वस्त आहे आणि मराठवाड्याच्या मातीला मानवते. सावलीत वाळवलेली माती आधी २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात, मग कुटून ०.५ मिलिमीटरच्या बारीक चाळणीतून. त्यातली १ ग्रॅम माती शंकूच्या आकाराच्या चंबूत घेऊन वर १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट आणि २० मिली संहत गंधकाम्ल ओततात. आम्ल पडताच चंबू चटका बसेल इतका तापतो. त्याच उष्णतेवर अर्धा तास मातीतला सेंद्रिय कर्ब जळतो आणि डायक्रोमेट खर्च होतं. मग २०० मिली पाणी, १० मिली फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनाइल अमाइनचे थेंब घालून, उरलेलं डायक्रोमेट मोजायला ब्युरेटमधून (खुणा केलेल्या काचेच्या नळीतून) फेरस अमोनियम सल्फेट सोडतात. मातकट रंग गढूळ निळ्या-जांभळ्यावर येतो आणि पुढच्या एका थेंबाला चंबू लख्ख हिरवा होतो. तो थेंब म्हणजे निकाल.

सोबत माती न घातलेला एक कोरा चंबू चालवतात. त्याला साधारण २० मिली लागतात. मातीच्या चंबूला १८ मिली लागले, तर फरक २ मिलीचा आणि सेंद्रिय कर्ब ०.३० टक्के. म्हणजे ब्युरेटमधला १ मिली हा ०.१५ टक्क्याच्या बरोबरीचा.

आता झाडांकडे या. शेतजमिनीवर वनलागवड केल्यावर मातीतल्या कर्बाचं काय होतं याचे जगभरातले अभ्यास गुओ आणि गिफर्ड यांनी २००२ मध्ये एकत्र मांडले. पिकाखालच्या जमिनीवर लावलेलं वन उभं राहिलं, तर मातीतला कर्ब सरासरी १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जिथे जंगल आपोआप परत आलं, तिथे ५३ टक्क्यांनी. ही सरासरी जगाची आहे, परभणी-जालन्याची नाही, पण अंदाजाला पुरे. आपल्या काळ्या रानात ०.५० टक्के कर्ब धरा. त्यावर १८ टक्के वाढ म्हणजे ०.०९ टक्का. ब्युरेटच्या भाषेत ०.६ मिली. वर्षानुवर्षं झाडं जगवून मातीत जे जमा झालं, ते चंबूत सहा दशांश मिलिलिटरमध्ये दिसतं. नळीवरची एक बारीक रेघ ०.१ मिलीची असते. म्हणजे सगळा मामला सहा रेघांचा. रंग पालटताना हात एक-दोन रेघा पुढे गेला, तरी काही वर्षांची कमाई पुसली जाते किंवा फुकटची वाढ दिसते.

म्हणून पहिली मागणी: प्रत्येक नमुना दोनदा तपासून द्या आणि दोन्ही आकडे अहवालात लिहा. सरासरी आम्ही काढू. खताच्या शिफारशीसाठी एका आकड्यावर भागतं, इथे भागत नाही.

१.३ चा गुणक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि अहवालात त्याचा उल्लेखही नसतो. वॉकली-ब्लॅकमध्ये सगळा सेंद्रिय कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्केच जळतो. उरलेल्याची भरपाई म्हणून आकड्याला १.३ नं गुणण्याची रीत आहे. काही प्रयोगशाळा गुणतात, काही गुणत नाहीत. एकाच मातीचा निकाल एका ठिकाणी ०.५० आणि दुसऱ्या ठिकाणी ०.६५ येतो, आणि दोघांचंही काम चोख असतं.

लागवडीआधी एकीकडे आणि पाच वर्षांनी दुसरीकडे माती तपासली, तर हा ०.१५ चा फरक झाडांच्या नावावर जमा होतो. वर काढलेल्या ०.०९ च्या अपेक्षित वाढीपेक्षा तो मोठा आहे. त्यामुळे नमुना देतानाच विचारायचं: आकडा गुणकासह आहे की गुणकाविना? उत्तर अहवालावर लिहून घ्यायचं. काउंटरवरच्या माणसाला सांगता आलं नाही, तर विश्लेषण करणाऱ्याला गाठायचं. त्यालाही सांगता येत नसेल, तर वनलागवडीच्या कामासाठी ती प्रयोगशाळा सोडा.

काही ठिकाणी टायट्रेशनऐवजी, म्हणजे ब्युरेटनं थेंब मोजण्याऐवजी, कलरीमीटरवर हिरव्या रंगाची तीव्रता मोजतात. काम झटपट होतं. पण काळ्या मातीची चिकणमाती पाण्यात लवकर बसत नाही, आणि गढूळ द्रावणाचं वाचन घेतलं की कर्ब वाढून दिसतो. रात्रभर स्थिर ठेवून वरची निवळी घेतली तरच ते वाचन धरावं. खारवट जमिनीत आणखी एक अडचण येते. मातीतलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगतो. त्यासाठी गंधकाम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात. अशा रानातला नमुना असेल तर तसं आधीच सांगावं.

उलट, जुन्या जंगलातल्या पालापाचोळ्याखालची माती, किनवटकडच्या सागाखालची म्हणा, इतकी कर्बयुक्त असू शकते की १० मिली डायक्रोमेट जवळजवळ संपूनच जातं. ८ मिलीपेक्षा जास्त खर्च झालं, तर तो आकडा फेकून द्यायचा आणि १ ऐवजी अर्धा ग्रॅम माती घेऊन पुन्हा करायचं. रोज शेताची माती हाताळणाऱ्या प्रयोगशाळेला याची सवय नसते. नमुन्याच्या पिशवीवर 'जंगलाची माती' असं ठळक लिहिलं तर हा घोळ टळतो.

महागडं यंत्र नेहमी बरं नसतं

काही प्रयोगशाळा आता कोरड्या ज्वलनाची सेवा देतात. माती ९०० अंशांच्या वर जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजतं. शास्त्रीय कामात ही पद्धत सरस मानतात, आणि आम्लधर्मी मातीत ती सरस आहेच. मराठवाड्यात मात्र एक अडचण आहे: चुनखडी. आपल्या काळ्या जमिनीत, विशेषतः खालच्या थरात, पांढरे चुन्याचे खडे सर्रास सापडतात. यंत्राला सेंद्रिय आणि चुनखडीतला कर्ब वेगळा ओळखता येत नाही. मातीत १० टक्के चुनखडी असेल, तर तिच्यातला कर्ब १.२ टक्के भरतो, म्हणजे ०.५ टक्के सेंद्रिय कर्बाच्या दुपटीहून जास्त. अहवालात १.७ टक्के छापून येतं आणि लागवडीचं कौतुक होतं.

यावर दोन उपाय आहेत. जाळण्याआधी आम्लानं चुनखडी काढून टाकायची, किंवा चुनखडी वेगळी मोजून तिचा कर्ब वजा करायचा. दुसऱ्या उपायात चुनखडीच्या मापात नुसता अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तरी सेंद्रिय कर्बात ०.०६ चा फरक पडतो. ०.०९ शोधायला निघालेल्याला तो परवडत नाही. म्हणून कोरडं ज्वलन घ्यायचंच असेल, तर आम्लप्रक्रिया करून देणारी प्रयोगशाळा निवडा. चुनखडीचा अंदाज घरीही येतो. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसून फेस आला, तर चुनखडी आहे. वॉकली-ब्लॅकला या चुनखडीचा त्रास होत नाही. जुनी, स्वस्त पद्धत इथे महाग यंत्रापेक्षा भरवशाची ठरते, आणि हे आम्ही पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

भट्टीत माती जाळून वजनातली घट मोजण्याची पद्धत काळ्या मातीला अजिबात लावू नये. चिकणमातीच्या कणांत बांधलेलं पाणीही त्या तापमानाला उडतं आणि ती सगळी घट सेंद्रिय पदार्थ म्हणून मोजली जाते.

आणि मातीवर धरलं की लगेच कर्ब सांगणारी हातातली उपकरणं? त्यातली जी रंगावर चालतात, ती मराठवाड्यासाठी नकोच. आपली माती काळी आहे म्हणून कर्बयुक्त आहे, हा समज खोटा आहे. काळेपणा थोड्याशा ह्यूमसनं (कुजून मुरलेल्या सेंद्रिय पदार्थानं) चिकणमातीला दिलेला असतो. तितक्याच काळ्या दोन रानांत कर्ब ०.३ आणि ०.८ असू शकतो. अवरक्त किरणांवर चालणारी उपकरणं रंगाच्या पलीकडचं बघतात, पण त्यांना याच भागातल्या मातीचे शेकडो नमुने दाखवून शिकवलेलं असावं लागतं. विक्रेत्याला तेवढं एक विचारा: यंत्राला कुठल्या मातीवर शिकवलंय?

टक्क्यातून टनात

प्रयोगशाळेचं काम टक्केवारीवर संपतं आणि वनलागवडवाल्याचं तिथून सुरू होतं. हेक्टरी साठा काढायचं सूत्र सोपं आहे: कर्बाची टक्केवारी × मातीची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) × थराची खोली सेंटिमीटरमध्ये. ०.५ टक्के, घनता १.३ आणि खोली ३० सेंटिमीटर, तर हेक्टरी १९.५ टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये हवा असेल तर ३.६७ नं गुणा.

आता बालाघाटाच्या उतारावरचं मुरमाड बरड घ्या. अहवालात कर्ब ०.८ टक्के आला. पण तो आकडा २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेल्या मातीचा आहे. चाळणीवर राहिलेले दगड आणि मुरूम प्रयोगशाळेनं टाकून दिले, त्यांची नोंद कुठेच नाही. जागेवर ४० टक्के आकारमान दगडांचं असेल, तर साठा ०.८ × १.३ × ३० × ०.६, म्हणजे १८.७ टन. अहवालात दीडपटीहून जास्त कर्ब दाखवणारं बरड प्रत्यक्षात काळ्या रानाच्या किंचित मागेच आहे. आणि खाली १५ सेंटिमीटरवरच पक्का मुरूम लागला, तर साठा त्याच्याही निम्मा. दगड वजा न करता काढलेला वनलागवडीचा कोणताही आकडा आम्ही ग्राह्य धरत नाही. हे काम स्वतः करता येतं. नमुन्याची सगळी माती वाळवून तोला, चाळणीवरचे खडे धुऊन, वाळवून वेगळे तोला आणि मोजपात्रातल्या पाण्यात बुडवून त्यांचं आकारमान काढा.

घनता मात्र जपून काढायची गोष्ट आहे. ५ सेंटिमीटर व्यासाची आणि ५ सेंटिमीटर उंचीची लोखंडी कडी जमिनीत सरळ ठोकायची. तिच्यात ९८ घन सेंटिमीटर माती बसते. कडीच्या दोन्ही तोंडांवरची माती सुरीनं साफ कापायची आणि आतली सगळी माती १०५ अंशांवर २४ तास वाळवायची. १२८ ग्रॅम भरली, तर घनता १.३. ही सेवा सगळीकडे मिळत नाही. मिळाली तरी कडी ठोकायला कुणी शेतावर येत नाही. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातून कड्या करून घ्या, एका बाजूची धार बाहेरून तासून घ्या, आणि वाळवण्यापुरती प्रयोगशाळेची मदत घ्या.

काळ्या मातीत याची वेळ फार महत्त्वाची. ही माती ओलीनं फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात भेगाळलेल्या रानात कडी ठोकली, तर ढेकूळ फुटतं. न फुटलं तर आकसलेल्या मातीची घनता जास्त भरते. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत रान वाफशावर असताना घनता काढावी, आणि दर वेळी त्याच वाफशाला. खतासाठी माती देण्याचा हंगाम एप्रिल-मेचा. त्या हंगामात सोयीनं घेतलेला नमुना वनलागवडीच्या हिशेबाला चालत नाही, कारण भेगांतून वरची माती खाली पडलेली असते आणि थर एकमेकांत मिसळलेले असतात.

झाडं लागल्यावर माती मोकळी होते, आणि त्यामुळे एक वेगळाच फसवा निकाल येतो. लागवडीआधी कर्ब ०.५०, घनता १.४०: साठा २१ टन. दहा वर्षांनी कर्ब ०.५५, घनता १.२५: साठा २०.६ टन. टक्केवारी वाढली, साठा घटला! घटला नाही. माती फुलल्यामुळे त्याच ३० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी ४,२०० टनांऐवजी ३,७५० टन माती मावली. तुलना त्याच वजनाच्या मातीशी करायची, म्हणजे दुसऱ्या वेळी ३३.६ सेंटिमीटरपर्यंत खाली जायचं. म्हणून नमुना ३० वर न थांबवता ३० ते ४० चा एक थर जादा घेऊन ठेवावा. भारी जमिनीत ६० पर्यंत गेलं तर उत्तमच. मुळं तिथवर जातात.

नमुना: प्रयोगशाळेच्या दारात जाण्याआधीच निकाल लागलेला असतो

माती परीक्षणाच्या पत्रकात सांगितलेली इंग्रजी व्ही आकाराच्या खड्ड्याची पद्धत खतासाठी ठीक आहे. तिच्यात हात वरची माती नकळत जास्त ओढतो, आणि कर्ब वरच्याच थरात जास्त असतो. इथे एक बाजू उभी कापलेला खड्डा घ्या, फूटपट्टी लावून ० ते १०, १० ते २०, २० ते ३० अशा खुणा करा आणि माती खालून वर काढत या, म्हणजे वरची खाली सांडत नाही. वरचा पाला आधी हातानं बाजूला करायचा. तो मातीत मोजायचा नसतो. त्याचा हिशेब वेगळा: ५० × ५० सेंटिमीटरच्या चौकटीतला पाला गोळा करून, वाळवून तोला. १०० ग्रॅम भरला तर हेक्टरी ४ टन पाला, आणि त्यात ३७ टक्के कर्ब धरला तर दीड टनाच्या आसपास. वणवा एका दुपारी हाच हिस्सा नेतो.

लागवड ३ × ३ मीटरवर असेल, तर खोडापासून अर्ध्या मीटरवर एक आणि चार झाडांच्या मधोमध एक अशा जोड्या घ्या. फक्त झाडाखाली घेतलेले नमुने सावलीतला कर्ब दाखवतात, वावरातला नाही. मूळ खड्ड्याच्या जागी अजिबात घेऊ नका. तिथे लागवडीच्या वेळी शेणखत पडलेलं असतं आणि तपासणी त्या शेणखताची होते. बांध, वारूळ, जनावरं बसायची जागा, पाचट किंवा धसकटं पेटवलेली जागा हेही टाळायचं. चाळल्यानंतर मातीत राहिलेले केसासारखे मुळांचे तुकडे चिमट्यानं वेचून काढा. वन्य जमिनीच्या नमुन्यात ते खूप असतात आणि प्रयोगशाळेत कुणी वेचत बसत नाही.

नमुने किती घ्यायचे? खताला दहा ठिकाणची माती एकत्र करून चार भागांच्या पद्धतीनं (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो उरवतात. ते मिश्रण सरासरी सांगतं, पण जागेजागेचा फरक लपवतं, आणि तो फरक माहीत नसेल तर वाढ खरी की योगायोगाची हे ठरवता येत नाही. एकाच रानातल्या नमुन्यांमधला फरक सरासरीच्या २० टक्के धरला, तर २० टक्क्यांची वाढ बऱ्यापैकी खात्रीनं ओळखायला दर वेळी सुमारे १६ वेगळे नमुने लागतात. १० टक्क्यांची वाढ ओळखायची असेल तर ६३. हा खर्च ऐकून लोक मागे सरतात. तो कमी करायचा एक प्रामाणिक मार्ग आहे: मोबाइलच्या जीपीएसवर जागा नोंदवा आणि पुढच्या वेळी त्याच जागेच्या मीटर-दीड मीटरवर घ्या. जोडीनं तुलना केली की कमी नमुन्यांत भागतं. पण एका मिश्र नमुन्यावर 'आमच्या वनानं इतके टन कर्ब साठवला' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग ती संस्था असो की कार्बन क्रेडिटचा करार घेऊन आलेला माणूस.

सगळ्यात महत्त्वाचा नमुना खड्डे खोदायच्या आधीचा. खोदाईनंच कर्ब घटतो. मातीच्या ढेकळांत झाकलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो, हवा लागते आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. लागवडीनंतर पहिली काही वर्षं मातीतला कर्ब आधी थोडा कमी होऊन मग वाढतो, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. किती खोदता यावर बरंच काही ठरतं. ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटरचे खड्डे, हेक्टरी १,१११ झाडं, तर खोदलेली माती १०१ घनमीटर. ४५ सेंटिमीटरपर्यंतच्या एकूण मातीच्या ती जेमतेम सव्वादोन टक्के. घनवनासाठी (थोड्या जागेत दाटीनं झाडं लावतात ते) मात्र जेसीबीनं सगळी जागा मीटरभर उकरतात, म्हणजे शंभर टक्के. नंतर त्यात भुसा आणि शेणखत मिसळतात आणि पहिल्याच तपासणीत कर्ब उंच दिसतो. तो झाडांनी आणलेला नाही, ट्रॉलीनं आणलेला आहे. तो टिकतो किती हे बघायला तीन वर्षांनी पुन्हा मोजायला हवं. शहरातल्या अर्ध्या गुंठ्यावर घनवन करा, खुशाल करा. पण पाच-दहा हेक्टर गायरान कर्बासाठी म्हणून उकरू नका.

गुओ आणि गिफर्ड यांनी मांडलेल्या त्याच अभ्यासांत आणखी एक आकडा आहे, आणि तो मराठवाड्यातल्या प्रत्येक लागवड समितीनं डोळ्यांपुढे ठेवावा. गवताळ कुरणावर वनलागवड केली, तिथे मातीतला कर्ब सरासरी १० टक्क्यांनी घटला. पवना, मारवेल, कुसळीसारख्या गवतांची दाट मुळं वर्षानुवर्षं मातीत कर्ब भरत असतात. ते गवत उखडून झाडं लावली, तर तो पुरवठा थांबतो. कोरड्या प्रदेशात ही घट कमी असू शकते, वाढही होऊ शकते, त्यामुळे सरसकट नकार नको. पण चांगलं गवत असलेल्या माळावर लागवडीआधीचा नमुना घेतल्याशिवाय कुदळ मारू नये. आणि जिथे पळस, बोर, धावड्याचे जुने बुंधे आपोआप फुटतायत, तिथे राखण करून गुरं आणि आग थांबवावी. कर्बाच्या दृष्टीनं हेच सगळ्यात स्वस्तात पडतं.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात दर पावसाळ्यात लागवडीच्या मोहिमा झाल्या. २०१९ चं लक्ष्य ३३ कोटींचं होतं. त्या लागवडी आता मोजण्याजोग्या वयाच्या आहेत. तेव्हाचा नमुना नसेल, तर शेजारची तशीच जमीन जोडीला घ्या: उतार तोच, मातीची खोली तीच, मुरूम तेवढाच, आणि लागवडीआधी वापरही सारखाच असल्याचं गावातल्या जाणत्यांकडून पक्कं केलेलं. नाल्याकाठची खोल माती आणि टेकाडावरची बरड माती यांची जोडी लावली, तर निघेल तो फरक भूगोलाचा असेल.

कुठे द्यावी

सरकारी आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळा: वॉकली-ब्लॅकसाठी आमची पहिली पसंती, कारण रोजचा हात बसलेला असतो. अहवाल उशिरा येऊ शकतो. वनलागवडीला घाई नसते. पत्रिकेवरच्या 'कमी, मध्यम, जास्त' या श्रेणीकडे दुर्लक्ष करा. महाराष्ट्राच्या सहा श्रेणींत ०.४१ ते ०.६० मध्यम असतं, ०.५९ चं ०.६२ झालं की श्रेणी बदलते, माती बदललेली नसते.

खासगी: अहवाल लवकर मिळतो, आणि आधी बोललं तर दुहेरी तपासणी करून देतात. पारख करायची असेल, तर एकच माती दोन पिशव्यांत, दोन नावांनी द्या. दोन निकालांत ०.०३ पर्यंत फरक चालेल. ०.१० चा आला, तर खताला ती प्रयोगशाळा पुरे, कर्बाच्या हिशेबाला नाही.

दोन्हीकडे एक गोष्ट मागून घ्या: तपासून उरलेली माती. अहवाल दिला की नमुने टाकून देतात. ते टाकू देऊ नका. किमान २०० ग्रॅम चाळलेली, पूर्ण वाळलेली माती घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या पेन्सिलनं लिहा, शाई उडते. चिठ्ठीवर गट क्रमांक, जीपीएस, थर, तारीख, घनता, खड्यांचं प्रमाण, प्रयोगशाळा आणि १.३ चा गुणक लावला होता की नाही एवढं हवं. कोरड्या, अंधाऱ्या फडताळात ठेवा. पाच किंवा दहा वर्षांनी नवे नमुने काढाल, तेव्हा जुन्या बरण्याही सोबत न्या आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच विश्लेषकाकडून, एकाच बाटलीतल्या डायक्रोमेटनं तपासून घ्या.